बंद पडलेला फ्लडलाइट उघडून पाहू या

नगर जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांतून आलेल्या विद्युत ठेकेदार, वायरमन बंधू-भगिनींनो,

 थेट कामाचं बोलतो.

हॅलोजन आणि सोडियमचे दिवे उतरवून एलईडी फ्लडलाइट आपणच चढवले. मोहट्याचं नवरात्र, मढीची यात्रा, साखर कारखान्याचा काटा आणि गव्हाण, कांद्याचा लिलाव, वस्तीवरचा गोठा, सगळीकडे तेच. अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसात बिबट्या आहे. रात्रीची लाइट आली की दारं धरायला जाणाऱ्या माणसाला वस्तीवरचा दिवा ही चैन नाही. तो पहिल्याच पावसात गेला, तर त्याची जबाबदारी आपण घेतली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यावर 50,000 तास छापलेले असतात. रोजचे 11 तास धरले, तर बारा वर्षांच्या वर झाले. पण हा आकडा सहसा चिपचा असतो, तिचा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंतचा. अख्ख्या फिटिंगचा नव्हे. चिपच्या आधी बहुतेक वेळा ड्रायव्हर जातो. तो उघडा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसेल. 105 अंशांना 2,000 तासांचा स्वस्त कपॅसिटर 85 अंशांवर साधारण 8,000 तास चालतो, म्हणजे जेमतेम दोन वर्षं. 8,000 तासांचा चांगला कपॅसिटर त्याच तापमानाला 32,000 तास. दर 10 अंशांनी आयुष्य दुप्पट होतं किंवा निम्म्यावर येतं. म्हणून ॲल्युमिनियमची बॉडी हातात घेतली की तिचं वजन आणि फिन बघा, नुसते वॉट बघू नका. उन्हाने दिवसभर तापलेल्या पत्र्याला चिकटवून दिवा बसवला, तर संध्याकाळी तो आधीच गरम असतो.

दिवा जाण्याचं दुसरं कारण आपल्या लाइनीत आहे. वळवाच्या विजा कडाडल्या की व्हॅरिस्टर काळा पडून फुटतो. त्याने स्वतःवर घाव घेऊन दिवा वाचवलेला असतो. पण डीपीवर न्यूट्रल सुटला, तर 230 व्होल्टच्या दिव्यावर जवळजवळ 400 व्होल्ट येऊ शकतात आणि तासभर तसेच राहतात. क्षणभराचा झटका झेलणारा व्हॅरिस्टर तिथे टिकत नाही. तिथे जादा व्होल्टेजला लाइन तोडणारं संरक्षण हवं, आणि न्यूट्रलची जोडणी घट्ट हवी. अर्थिंगशिवाय तर सर्ज प्रोटेक्टर लावूच नका. त्याने झटका सोडायचा कुठे?

पाण्याची गोष्ट जरा बारकाईने सांगतो, कारण इथे चूक आपल्या हाताची असते. नगर-पारनेरकडे पाऊस कमी, म्हणून आपण निर्धास्त राहतो. घाटघर-रतनवाडीचा पाऊस काय असतो ते अकोल्याचे मित्र सांगतील. पण दिव्यात पाणी शिरणं पावसाच्या मिलिमीटरवर अवलंबून नाही. पेटलेल्या फिटिंगमधली हवा तापलेली असते. अचानक सर आली की ती आक्रसते आणि बाहेरची ओल आत ओढते. आयपी 65चं गॅसकेट शाबूत असलं, तरी ग्लँड ढिली असेल किंवा बाहेरचा जोड नुसत्या टेपचा असेल, तर पाणी केबलच्या तारांमधूनच आत चढतं. सकाळी काचेवर आतून दव दिसतं. केबल आत शिरण्याआधी खाली झोल द्या, जोड बंदिस्त पेटीत घ्या, ग्लँड केबलच्या मापाची वापरा. या कामाला वेळ कितीसा लागतो?

आपल्या जिल्ह्याचं एक खास दुखणंही आहे. कारखान्यांच्या आणि डिस्टिलरींच्या आवारात गंधकाचे वायू असतात. काही एलईडींमध्ये चिपखाली चांदीचा मुलामा असतो. तो या वायूंनी काळवंडतो. दिवा चालू दिसतो, उजेड मात्र बसतो. अशा ठिकाणी गंधकाला टिकणारी एलईडी कंपनीकडून लेखी मागा.

आपण वॉरंटीत दिवा बदलून देतो आणि जुना भंगारात टाकतो. तो का गेला, हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडतो: प्रत्येक तालुक्याने बंद पडलेल्या फ्लडलाइटची वही ठेवावी. बसवल्याची तारीख, जागा, व्होल्टेज, आणि उघडल्यावर दिसलेलं कारण त्यात लिहावं. कोटेशनमध्ये वॉटबरोबर ल्युमेन, सर्ज संरक्षणाचे किलोव्होल्ट, भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक आणि ड्रायव्हर बदलता येतो की नाही, हेही असावं. दुपारच्या सत्रात यावर चर्चा करा, सुधारणा सुचवा, आणि आजच मंजूर करा.