वर्गात कोण बसले आहे?



एखादे नामांकित विद्यापीठ कसे आहे हे पाहायचे असेल, तर नुसती त्याची इमारत पाहू नये. दर साली तिथे नवा वर्ग भरतो, त्या वर्गाच्या बाकांवर कोण बसले आहे ते पाहावे. मुले कोणत्या गावची आहेत? कोणत्या शाळेतून आली आहेत? अर्ज पुष्कळ आणि जागा थोड्या, अशा ठिकाणी निवड करावीच लागते. निवड म्हटली की तुलना आली. आणि खरी मेख इथेच आहे. मुलाची तुलना करायची ती कोणाशी?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर दिले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

टेक्सास आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे. कापसाचे, गुराढोरांचे आणि तेलविहिरींचे राज्य. ऑस्टिन ही त्याची राजधानी, आणि राज्याचे सर्वांत नावाजलेले सरकारी विद्यापीठही तिथेच. या विद्यापीठात एके काळी कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. हेमन स्वेट नावाचा एक टपालवाला कोर्टात गेला. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे कायद्याच्या वर्गाचे दार उघडले. पदवीच्या पहिल्या वर्गात ही मुले बसली ती १९५६ साली.

पुढे विद्यापीठ निवड करताना विद्यार्थ्याच्या वंशाचाही विचार करू लागले. १९९६ साली दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने त्याला मनाई केली. लगेच पुढच्या सालच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलांची संख्या घटली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात आली. राज्यात हायस्कुले दीड हजारांच्या घरात. पण नव्या वर्गातली निम्मी मुले येत होती अवघ्या साठेक शाळांतून! बहुतेक शाळा शहरांच्या सधन वस्त्यांतल्या. दूरच्या खेड्यांतल्या आणि सरहद्दीकडच्या कित्येक शाळांतून तिकडे कोणी फिरकतही नसे.

इर्मा रँगेल या बाई तेव्हा तिथल्या विधानसभेत होत्या. आधी शाळेत शिक्षिका, मग वकील. १९७६ साली त्या निवडून आल्या, तेव्हा त्या सभागृहात पोचलेल्या मेक्सिकन वंशाच्या त्या पहिल्या स्त्री होत्या. १९९७ साली त्यांनी एक विधेयक आणले. त्यात वंशाचा शब्दही नाही. नियम एवढाच, की राज्यातल्या कोणत्याही हायस्कुलात जो विद्यार्थी आपल्या वर्गात वरच्या दहा टक्क्यांत येईल, त्याला सरकारी विद्यापीठाने प्रवेश दिलाच पाहिजे. शंभर मुलांचा वर्ग असेल तर पहिली दहा. वीस मुलांचा असेल तर पहिली दोन. म्हणजे पाहा, मुलाची तुलना सबंध राज्याशी नाही. त्याच शाळेत, त्याच शिक्षकांपुढे जी मुले बसली, त्यांच्याशी!

या विधेयकापायी एक नवल घडले. गोऱ्या खेडुतांचे प्रतिनिधी आणि शहरांतल्या गरीब वस्त्यांचे प्रतिनिधी, एरवी समोरासमोर बसणारे, एकत्र आले. दोघांच्याही शाळा त्या साठांत नव्हत्या ना! कायदा झाला. दहाएक वर्षांनी निम्मा वर्ग शंभराहून अधिक शाळांतून येऊ लागला. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचारच बाद ठरवला, तरी हा कायदा टिकून आहे.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, खेड्यातल्या शाळेतला पहिला शहरातल्या शाळेत विसावा ठरेल, त्याचे काय?" शंका रास्त आहे. १९९९ साली त्याच विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तिचा छडा लावला. प्रवेश-परीक्षेत कमी गुण पडलेली, गरीब घरची, कमी शिकलेल्या आईबापांची पन्नास मुले त्यांनी निवडली आणि एका लहान वर्गात बसवली. अभ्यासक्रम तोच, परीक्षाही तीच. जास्तीचे काय, तर अधिक शिकवणी आणि पाठीशी सल्लागार. सत्राअखेर या मुलांचे गुण मोठ्या वर्गाच्या बरोबरीने आले. कमी होती ती तयारी, अक्कल नव्हे.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू आहे. चांगल्या शाळेत बाराव्या टक्क्यावर असलेला मेहनती मुलगा बाहेर राहतो, आणि त्याची हळहळही खोटी नाही. पुढे तर जवळजवळ सगळाच वर्ग या एका नियमाने भरू लागला. म्हणून २००९ साली ऑस्टिनपुरती मर्यादा घातली: राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी तीन चतुर्थांश याप्रमाणे भराव्यात. अर्जदार वाढत गेले, तसे दहा टक्के घटत घटत २०२६ च्या वर्गासाठी पाचांवर आले. शिवाय प्रवेश मिळतो तो विद्यापीठात. हवी ती शाखा मिळेलच असे नाही. आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. गोऱ्यांच्या आणि इतरांच्या वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्या. त्या तशा आहेत म्हणूनच हा नियम वर्गात सर्व तऱ्हेची मुले आणू शकतो. ज्या दुखण्यावर औषध, त्याच्याच आधाराने ते चालते.

शिक्षक मित्रांनो, शेवटची गोष्ट खास आपल्यासाठी. कायदा झाल्यावर पाहण्या केल्या, तेव्हा असे दिसले की गरीब शाळांतल्या कित्येक हुशार मुलांना हा नियम ठाऊकच नव्हता. दार उघडे, आणि ज्याच्यासाठी उघडले त्याला पत्ता नाही! कायदा करणारे राजधानीत बसतात. वर्गातल्या एकेका मुलाला नावानिशी ओळखणारा असतो तो शाळेतला मास्तर किंवा बाई. "अर्ज भर, मुदत अमुक तारखेपर्यंत आहे," हे त्याला कोणी सांगायचे? घरी येऊन आईबापांची समजूत कोणी घालायची? विद्यापीठाच्या नव्या वर्गात कोण बसणार, हे निम्मे तिथे ठरते. उरलेले निम्मे गावच्या शाळेत, अर्ज निघायच्या आधीच ठरून जाते.