खोटी साद आणि खरे सावज



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील शेतकरी कायोटी नावाच्या जनावराला खोटी हाक घालून कसे मारतात, हे ऐकण्यासाठी वसंतातली एक संध्याकाळ का खर्चावी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या शिकारीत माणसाची चतुराई आणि जनावराचा स्वभाव यांची जी गाठ पडते, तिच्यात शहाणपणाचा एक धडा दडलेला आहे, असे आम्हांला वाटते. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. वजन साधारणपणे ९ ते २० किलो. त्याचे नाव मेक्सिकोतील नाव्हात्ल भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तेथून इंग्रजीत गेले. १८२३ साली टॉमस से या शास्त्रज्ञाने त्याला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘भुंकणारा कुत्रा’ असा होतो. आपल्या पंचतंत्रात करटक आणि दमनक हे कोल्हे जसे कारस्थानात पटाईत, तसा तेथील मूळ रहिवाशांच्या कथांतला कायोटीही धूर्त, खोडकर आणि पुष्कळदा स्वतःच्याच युक्तीने फसणारा.

हे जनावर मूळचे पश्चिमेकडील गवताळ माळांचे. गोऱ्या वसाहतवाल्यांनी बंदूक, सापळे आणि विष यांनी बहुतेक मुलखातून लांडगा नाहीसा केला. रिकामी झालेली जागा कायोटीने भरून काढली. विसाव्या शतकात तो पूर्वेकडे पसरत गेला आणि आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे. शिकागोसारख्या महानगरातही त्याने बिऱ्हाड थाटले आहे. ज्याच्या नाशासाठी सरकारने पैसा ओतला, त्याचाच मुलूख वाढला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

आता शिकारीची रीत पाहू. आपल्याकडे पूर्वी हाका घालून जनावर उठवीत. ढोलताशे आणि आरडाओरडा यांच्या भयाने ते बंदुकीपुढे येई. कायोटीच्या शिकारीत नेमके उलटे आहे. येथे जनावराला भिववून हाकलावयाचे नसते, तर लोभ दाखवून बोलवावयाचे असते. त्यासाठी तोंडाने वाजवावयाची एक लहान पिपाणी असते. तिच्यातील पातळ पट्टी फुंकरीने थरथरली की पकडल्या गेलेल्या सशाच्या मरणकिंकाळीसारखा आवाज निघतो. १९५० नंतरच्या दशकात टेक्सासमधील बर्नहॅम बंधूंनी ही विद्या लोकप्रिय केली. ती त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकविली होती. पुढे किंकाळ्यांच्या तबकड्या निघाल्या, मग फिती आल्या, आणि आता तर दुरून कळ दाबून चालविता येणारे विजेचे कर्णे मिळतात.

परंतु पिपाणी हाती आली म्हणजे शिकार साधली, असे मात्र नाही. कायोटी कानाने ऐकतो, पण विश्वास ठेवतो तो नाकावर. किंकाळी ऐकून तो सरळ धावत येईलच असे नाही. पुष्कळदा वळसा घालून तो वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो आणि आवाजाच्या जागेचा वास घेऊ पाहतो. तेथे माणसाचा वास आला की खेळ संपला. म्हणून शिकारी आपली मोटार उंचवट्याआड ठेवतो, कापणी झालेल्या शेताच्या कडेने गुपचूप चालतो, आणि कुंपण किंवा झुडूप पाठीशी घेऊन अशा ठिकाणी बसतो की वाऱ्याच्या खालची बाजू उघडी, नजरेच्या टप्प्यात असावी. कर्णा तो स्वतःजवळ ठेवीत नाही. चाळीस-पन्नास पावलांवर ठेवतो. कर्ण्याशेजारी एका काडीला केसांचा किंवा पिसांचा झुबका लावून तो छोट्या यंत्राने हलता ठेवतात. आवाजाने बोलावलेल्या जनावराची दृष्टी या फडफडणाऱ्या झुबक्यावर खिळते आणि शेजारच्या माणसाकडे जात नाही. एवढा अवधी बंदूकवाल्याला पुरतो. पंधरा-वीस मिनिटांत काही आले नाही तर तो उठतो आणि मैलभर दूर दुसरी जागा धरतो.

हाकही ऋतूप्रमाणे बदलते. कडक हिवाळ्यात जनावर भुकेले असते, तेव्हा सशाची किंकाळी चालते. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमण्याचा काळ. त्या वेळी परक्या कायोटीची कोल्हेकुई वाजविली की आपल्या हद्दीत कोण आले हे पाहण्यास घरधनी निघतो. एप्रिल-मेमध्ये बिळात पिल्ले असतात. तेव्हा पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज काढला की आईबाप जीव धोक्यात घालून धावतात. याच दिवसांत काही शिकारी शिकविलेला कुत्रा पुढे सोडतात. कायोटी आपल्या बिळापासून त्याला पिटाळून लावण्यासाठी पाठीस लागतात, आणि कुत्रा माघार घेत त्यांना थेट मालकाच्या बंदुकीसमोर आणतो.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. हिवाळ्यात भुकेला, माघात अभिमानाला आणि वसंतात वात्सल्याला, अशी तिन्ही वेळी साद घातली जाते ती त्या प्राण्याच्या सर्वांत खऱ्या भावनेला. फसवणूक ही शिकारीइतकीच जुनी आहे. आपल्याकडील फासेपारधी पाळीव तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानतित्तरांना बोलावीत, ती विद्या हीच होती. तेथे प्रश्न पोटाचा होता. म्हणून कोणतीही हाक निंद्य ठरविण्यापूर्वी ती कोण व कशासाठी घालतो, हे विचारले पाहिजे.

मेंढपाळाची बाजू आधी ऐकू. अमेरिकेत मेंढ्या मारणाऱ्या हिंस्र प्राण्यांत कायोटीचा क्रमांक पहिला. वसंतात जन्मलेली कोकरे सकाळी नरडे फोडलेली सापडतात, तेव्हा त्या घराला प्राणिदयेवरचे प्रवचन रुचणार नाही, आणि ते देण्याचा अधिकार शहरातल्या आपल्यासारख्यांना नाही. १९३१ साली तेथील काँग्रेसने कायदा करून उपद्रवी प्राण्यांच्या नाशाचे काम केंद्र सरकारकडे दिले. विषाचा वापर इतका झाला की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सरकारी जमिनीवर त्यास बंदी घालावी लागली. तरीही मारण्याचे काम थांबले नाही; २०२१ या एका वर्षात केंद्रीय खात्याने ६४ हजारांवर कायोटी मारले. खाजगी शिकाऱ्यांनी मारलेले वेगळेच.

एवढे मारून ते संपले का? १९७५ साली कॅलिफोर्नियातील कॉनोली आणि लाँगहर्स्ट या संशोधकांनी हिशेब मांडला. दरवर्षी शंभरातले सत्तर मारले तरी कायोटीचा वंश टिकतो. पंच्याहत्तर मारीत राहिले, तर तो संपावयास सुमारे पन्नास वर्षे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. संख्या घटली की उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते. टेक्सासमध्ये नोल्टन यांना असे आढळले, की दाट वस्तीत एका वेताला सरासरी चार-पाच पिल्ले होत, तर जेथे मारणे जोरात चाले तेथे हीच सरासरी सातच्या जवळ जाई.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या प्रयोगांत दिसली. कोकरे मारणारे कायोटी बहुधा हद्द धरून राहणारे, पिल्लांचे पोट भरणारे जोडपे असते. इतर पुष्कळसे उंदीर, ससे आणि मेलेली जनावरे यांवर जगतात. १९८३ साली वायोमिंगमधील एका अभ्यासात असे दिसले, की नुसती पिल्ले काढून टाकली तरी आईबापांचे कोकरांवरील हल्ले फार मोठ्या प्रमाणात घटतात. मग युटामध्ये काही जोडप्यांची नसबंदी करण्यात आली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ती जोडपी आपली हद्द राखून राहिली, आणि त्यांनी कोकरे पुष्कळच कमी मारली. म्हणजे उपद्रव न देणारे जोडपे हा त्या शिवाराचा पहारेकरीच ठरतो. दिसेल तो कायोटी हाक घालून मारणारा माणूस पुष्कळदा या पहारेकऱ्याला काढतो आणि परक्या, तरुण, हावऱ्या जोडीला वाट करून देतो.

मेंढपाळाचा खरा शत्रू तरी एकटा कायोटीच होता काय? १९४२ साली अमेरिकेत ५ कोटी ६० लाख मेंढ्या होत्या. आज सुमारे ५० लाख आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही घसरण मुख्यतः चाऱ्याचे दर, मजुरी आणि कोकरांचा भाव यांच्याशी निगडित असल्याचे दिसले. बाजारावर गोळी झाडता येत नाही, कायोटीवर येते.

यावरून मारणे सर्वस्वी निषिद्ध आहे, असे आम्ही म्हणत नाही. विशिष्ट कळपावर येणारे विशिष्ट जनावर हेरून त्याला मारणाऱ्या मेंढपाळाची हाक आम्हांला समजते. शिवाय राखणीचे मोठे कुत्रे, भक्कम कुंपण, कोकरे जन्मण्याच्या दिवसांत गोठ्याची सोय, हे उपायही तेथे रुजले आहेत. पण बक्षिसे लावून, कोणाचे मुडदे अधिक याची स्पर्धा भरविणे याला राखण म्हणता येणार नाही. २०१४ साली कॅलिफोर्नियाने आणि २०१८ साली व्हरमाँटने अशा स्पर्धांवर बंदी घातली, ती योग्यच होय.

आपल्या माळरानावर धनगर आणि लांडगा यांचे नाते याच जातीचे आहे. आपल्याकडे लांडग्याला आणि कोल्ह्याला कायद्याचे संरक्षण आहे. परंतु कोकरू गेलेल्या धनगराला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर तो कायदा कागदावरच राहील. प्राण्याचे रक्षण करावयाचे तर त्याचा भार एकट्या मेंढपाळाच्या माथी टाकून चालणार नाही. शहरात बसून लांडग्याचे कौतुक करणाऱ्या आपण सर्वांनी त्यातला वाटा उचलला पाहिजे. मेंढपाळाची हाक खोटी नसते, आणि तिला धावून जाणे हे आपले काम आहे.