झोप लागते, लावतां येत नाहीं



आयरिश भाषेंत झोपेला जो शब्द आहे, त्याचा उच्चार साधारण ‘कोला’ असा होतो. ‘मी झोपलों आहें’ हें सांगावयाचें झाल्यास आयरिश मनुष्य ‘मी माझ्या झोपेंत आहें’ असें म्हणतो. आणि ‘मला झोप लागली’ याऐवजीं ‘माझी झोप मजवर पडली’ असें म्हणतो. ही तऱ्हा आपणांस प्रथम विचित्र वाटेल. पण आपली मराठी तरी काय करते?

भूक लागते, तहान लागते, उचकी लागते. तशीच झोपही लागते. ती येते, अनावर होते, मोडते, उडून जाते. या सर्व वाक्यांत कर्तेपण झोपेकडे. मनुष्य आपला ‘मला’ होऊन बाजूस उभा! आपल्या हातीं आहे तें फक्त निजणें. म्हणूनच ‘दहाला निजलों, पण दोनपर्यंत झोप लागली नाहीं’ हें वाक्य कोणाच्या कानास खटकत नाहीं. आई मुलाला अंथरुणावर निजवूं शकते. झोपेवर मात्र तिची आज्ञा चालत नाहीं. तेथें अंगाईच गावी लागते.

झोप आणणें असें आपल्या हातीं नसलें, तरी दुसऱ्याची घालविणें सहज जमतें. त्या कृत्यास मराठीनें ‘झोपमोड’ असा स्वतंत्र शब्द दिला आहे, आणि त्या शब्दांत दोषाची छटा आहे.

मी राहतों त्या भिवंडींत यंत्रमाग रात्रीं देखील चालतात. रात्रपाळी संपवून आलेला कामगार चौघांच्या खोलींत पथारी पसरतो, तेव्हां गल्लीचा दिवस नुकता उजाडलेला असतो. फेरीवाले ओरडतात, पोरें खेळतात, एखादा ध्वनिक्षेपकही सुरू होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आहे, तो रात्रीं १० ते सकाळीं ६ या वेळेचा. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या रामलीला मैदान प्रकरणांतील निकालपत्रांत झोपेला जीविताच्या मूलभूत हक्कांत स्थान मिळालें. परंतु दिवसा निजणाऱ्यास घड्याळाचा नियम कसा उपयोगी पडावा? त्याची झोप शेजाऱ्यांच्याच स्वाधीन.

‘हळू बोला, बाळ झोपलें आहे,’ असें आपण घरोघर म्हणतों, आणि मोठीं माणसेंही तें निमूटपणें ऐकतात. तेंच वाक्य रात्रभर मागापाशीं उभ्या राहिलेल्या माणसासाठीं म्हणण्यास व्याकरणाची कांहींच आडकाठी नाहीं.