अहवाल कपाटात, कारवी डोंगरावर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याची मला सवय नाही. जन्मभर झाडेझुडपे मोजण्याचे काम केले, आणि झाडे काही ऐकून घ्यायला जमत नाहीत. चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा रानफुलांची वर्णने करून वेळ निभावून न्यावी, असे मनात आले होते. परंतु आज माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीच सांगावे म्हणते.

कारवी आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. निदान कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती तरी. हे झुडूप सात-आठ वर्षे नुसते वाढत राहते आणि मग एका पावसाळ्यात सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. फुलून झाले की झुडूप मरते. बोंडे मात्र वाळून काठीवरच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या सरींनी तडतड फुटून बी खाली पडते. त्याआधीच काठ्या तोडून नेल्या, तर मोळ्यांबरोबर डोंगराचे बियाणेही गावात जाते.

२००८ साली मुंबईजवळच्या एका डोंगरावर कारवी फुलली. आम्ही तिघीजणींनी चार महिने तेथे चौकोन आखून झुडपे मोजली आणि हिवाळ्यात शंभर पानांचा इंग्रजी अहवाल, चांगली बांधणी करून, त्या जंगलाची व्यवस्था पाहणाऱ्या कार्यालयात नेऊन दिला. साहेबांनी आभार मानले, चहा पाजला. अहवाल कपाटात गेला. पावसापर्यंत तोड थांबवावी, ही गोष्ट त्यात नव्हती असे नाही. एकसष्टाव्या पानावर, ‘असे सुचविता येण्याजोगे आहे’ अशा भिडस्त भाषेत ती होती. लग्नपत्रिकेत सगळ्या काका-मामांची नावे छापावीत आणि मुहूर्त मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घालावा, तसला प्रकार!

वैशाखात मी पुन्हा गेले, तो एक अख्खा उतार बोडका. तेथल्या वनरक्षकांना आम्ही मामा म्हणत असू. त्यांना विचारले, “मामा, हे काय झाले?”

ते म्हणाले, “सुकलेली होती बाई, लोकांनी मागितली, नेऊ दिली. बी काठीवरच आहे ते मला दिसत होतं. पण कागद नसताना मी कोणाच्या जोरावर अडवणार? तुम्ही चार महिने इथं फिरलात. कधी बोलला नाहीत.”

मला आधी कार्यालयाचाच राग आला. घरी येईपर्यंत तो ओसरला. वणवे, अतिक्रमणे, कोर्टाच्या तारखा यांतून माणसाने शंभर पाने कधी वाचावीत? आणि ज्याच्या हाती तो उतार होता, त्याला वाचता येईल अशा भाषेत मी एक ओळही लिहिली नव्हती. त्या पावसाळ्यात तेथे कारवीची रोपे अगदीच विरळ उगवली.

अशा बाबतींत थोरांचेही अंदाज चुकतात. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव उद्यान पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. १९८२ साली तेथे गुरांची चराई बंद झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे प्राणाला मुकली. बंदीला सलीम अलींसारख्या पक्षिशास्त्रज्ञाचा पाठिंबा होता. त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे तेथे अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला तो उलटा. म्हशी पाण्यात उतरून गवत खात. त्या थांबल्यावर गवत माजून उथळ पाणी झाकून गेले आणि पक्ष्यांची अडचण झाली. आपल्याच लोकांच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष संस्थेने लपविला नाही, याचा मला आदर वाटतो. तरीही मनात येते, म्हशी राखणाऱ्यांशी आधी चार दिवस बसून बोलणे झाले असते तर?

२०१६ साली आमच्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाला कारवी फुलण्याची चिन्हे दिसू लागली. या खेपेस मी पावसाआधीच कार्यालयात गेले आणि “आपल्याला काय माहिती हवी?” असे विचारले. नवे अधिकारी म्हणाले, “कोणता भाग, किती दिवस, आणि लोकांनी काठ्या आणायच्या कोठून, एवढे सांगा.” तिसरा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. घरे शाकारायची ती पावसाआधी, आणि बी पडणार पाऊस आल्यावर. मग नुसते ‘तोडू नका’ म्हणून कसे भागावे?

तोड मामांनी काढली. वनरक्षकाच्या चौकीच्या ओट्यावर बसून ते म्हणाले, “वरची अर्धी बाजू राखा, खालची तोडू द्या. बी काय, उतारानं खालीच येणार.” गावातल्या बायका होत्या, कोणत्या घराला किती मोळ्या लागतात ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. मी एकच पान लिहिले, मराठीत. वर हद्द, मध्ये मुदत, खाली उताराचे चित्र. साहेबांनी सही केली. मामांना हवा होता तो कागद हाच.

२०२४ साली गुडघ्यांची कुरकुर न ऐकता मी चढून गेले. वरचा उतार गच्च जांभळा होता. खाली फुले कमी होती, पण होती. आठ सालचा तो बोडका उतार मात्र अजून भरलेला नाही. तेथे रानमोडी माजली आहे.

मामा निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आहे. तिने मोबाइलवर मला माझ्याच त्या पानाचे छायाचित्र दाखविले. हद्दीसाठी मी नकाशातले ओढ्याचे नाव लिहिले होते. ते खोडून तिने गावात म्हणतात ते नाव घातले होते.