ढिगाऱ्यातील धातुमळी आणि गावातील घर

(अहिल्यानगर येथे लघुउद्योजक, बांधकाम व्यावसायिक, गवंडी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे एका स्थापत्य अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या जिल्ह्यात ‘मळी’ हा शब्द उच्चारला की साखर कारखान्याची मळी डोळ्यांपुढे येते. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्हाभर धुराडी दिसू लागली. ऊस गाळल्यावर जे मागे उरते त्यातील वाया काय जाते? मळीपासून मद्यार्क होतो, चिपाडावर बॉयलर पेटतो, गाळ खत म्हणून शेतात जातो. आज मी बोलणार आहे ती धातूची मळी. कारखान्यात तिला आपण ‘स्लॅग’ म्हणतो. उसाच्या मळीला जो मान मिळाला तो या मळीला मिळू शकेल काय, आणि कोणत्या अटींवर, हा आजचा प्रश्न आहे.

नदीची वाळू आणि सिमेंटचा धूर

मुळा, प्रवरा, सीना या नद्यांच्या पात्रांतील वाळूवर आपली घरे उभी राहिली. परंतु पात्रातील वाळू ही पावसाचे पाणी धरून ठेवणारी आणि काठच्या विहिरींना ते पुरविणारी ठेव आहे. ती उपसली की विहिरीही आटतात. दुष्काळाशी झुंजणाऱ्या जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको. २०२३ मध्ये ६०० रुपये ब्रास या दराने वाळू देणारे राज्यातील पहिले शासकीय केंद्र श्रीरामपूर तालुक्यातील नायगाव येथे सुरू झाले. २०२५ मध्ये शासनाने कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले. नदीवरील भार हलका करावयाचा तर वाळू व खडीला पर्याय शोधलेच पाहिजेत.

दुसरी बाजू सिमेंटची. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत भाजावी लागते. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कर्बवायू बाहेर पडतो. जळणाचा धूर याखेरीज. म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी चुनखडीतून निघणारा वायू टळत नाही. तो टाळण्याचा एक मार्ग म्हणजे सिमेंटमधील भाजलेल्या चुनखडीचा अंश कमी करून त्या जागी अन्य भट्टीत आधीच वितळून झालेला पदार्थ वापरणे.

सर्व मळी एक नव्हे

हा पदार्थ म्हणजे झोतभट्टीतील मळी. लोहखनिज वितळून लोखंड वेगळे झाले की वर तरंगणारी तप्त मळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकाएकी थंड करतात. तिचे काचेसारखे कण होतात. ते बारीक दळले की सिमेंटप्रमाणे घट्ट होण्याचा गुण त्यांच्यात दिसतो. जर्मनीत १८६२ मध्ये एमिल लांगेन यांनी हा गुण ओळखला. आपल्याकडील भारतीय मानक ४५५ नुसार मळीच्या सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी चालते. खऱ्या अर्थाने कर्बवायू वाचतो तो येथे.

परंतु आपल्या औद्योगिक वसाहतींतील ओतशाळांमागे पडलेले ढीग निराळे आहेत. तेथे साच्याची काळी वाळू असते आणि भट्टीतून काढलेली मळी असते. ही मळी संथपणे थंड झालेली असते. ती सिमेंटची जागा घेत नाही, फार तर खडीची किंवा वाळूची घेते. अशा वापराने कर्बवायूची बचत थोडी होते. डोंगर आणि नदी मात्र वाचते. हाही लाभ लहान नाही, पण दोन्हींची गल्लत करू नये.

चुना विरविण्याचा धडा

माझ्या उमेदवारीच्या काळातील एक अनुभव सांगतो. एका कारखान्याच्या आवारात पोलाद भट्टीची ताजी मळी भराव म्हणून पसरून त्यावर काँक्रीट केले होते. मळी फुकट मिळाली म्हणून सारे खूश होते, मीही होतो. दोन पावसाळे गेले आणि फरशी जागोजागी फुगून तडकली. कारण साधे होते. पोलादाच्या मळीत कळीचा चुना शिल्लक असतो. त्याला पाणी लागले की तो फुलतो.

आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. फराहबागेसारख्या वास्तू ज्या चुन्यात उभ्या राहिल्या तो कळीचा चुना आधी पाण्यात विरवून, घाणीत मळून मगच भिंतीत जात असे. पोलादाच्या मळीलाही हाच न्याय लावावा लागतो. ती फोडून, चुंबकाने लोखंड काढून, काही महिने उघड्यावर पाणी देत मुरविली पाहिजे आणि तिच्या फुगण्याची चाचणी घेतली पाहिजे.

अशी काळजी घेतल्यास काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डोलवी येथील पोलाद कारखान्याच्या सुमारे ८०,००० टन प्रक्रिया केलेल्या मळीतून मुंबई-गोवा महामार्गाचा एक किलोमीटरचा भाग केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने बांधला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी २०२२ मध्ये सुरतजवळ हजिरा येथे असाच रस्ता झाला होता.

मर्यादा पाळूनच वापर

भारतीय मानक ३८३ मध्ये २०१६ साली याबाबतच्या मर्यादा घालून दिल्या आहेत. लोखंडाच्या मळीची खडी साध्या काँक्रीटमध्ये ५० टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. पोलादाच्या मळीची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के. सळईच्या काँक्रीटमध्ये मुळीच नाही. याचा अर्थ असा की पदपथाचे ठोकळे, आवाराची फरशी, रस्त्याचा थर येथे तिला जागा आहे. घरकुलाच्या स्लॅबमध्ये नाही. साच्याच्या वाळूत माती, कोळशाची भुकटी, कधी रासायनिक चिकटद्रव्ये असतात. तिच्यातून पाण्यात काय उतरते हे प्रयोगशाळेत पाहिल्याशिवाय ती विहिरीच्या शेजारी टाकणे म्हणजे एक ढीग हलवून दुसरे संकट आणणे होय.

गवंडी बांधवांना एक विनंती. मळीचे सिमेंट प्रारंभी सावकाश घट्ट होते. त्याला पाणी अधिक दिवस द्यावे लागते. टंचाईच्या दिवसांत गोणपाट ओले ठेवून, आळी करून थोड्या पाण्यात हे साधते. पाणी आधीच तोडले आणि मग सिमेंटला दोष दिला, असे होऊ नये.

उद्योजकांनी निरनिराळ्या भट्ट्यांची मळी व वाळू एकाच ढिगात न टाकता वेगळी ठेवावी. त्याला फारसे भांडवल लागत नाही, आणि सरमिसळ झालेल्या ढिगाची चाचणी कोणालाच खात्रीने करता येत नाही. लहान ओतशाळांनी एकत्र येऊन फोडणी-चाळणीची व तपासणीची सोय उभी करावी. ज्या जिल्ह्याने सहकारातून साखर काढली त्याला हे अवघड नाही. ग्रामपंचायतींनी ठोकळे घेताना दराबरोबर चाचणीचा दाखलाही मागावा.

ज्या कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून घर बांधले त्याला आपल्या प्रयोगाची किंमत मोजावी लागू नये. हा विश्वास राखला तर ढिगाऱ्यातील मळी गावाच्या उपयोगी पडेल. एक भिंत जरी फुगली, तरी पुढची वीस वर्षे लोक या मार्गाकडे फिरकणार नाहीत. म्हणून मळीचा वापर आपण अवश्य वाढवू या; मात्र प्रत्येक ढीग तपासूनच.