लिव्हर मिळालं, आता पित्ताच्या नळ्या वाचल्या पाहिजेत
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



बचत आणि कर्जफेडीचा हिशोब झाला, आता थोडं आरोग्याविषयी बोलू. अवयवदानाचा विषय निघाला की गटात हमखास विचारलं जातं, "लिव्हर बदललं तरी पेशंटला परत कावीळ कशी होते?" कारणं बरीच असतात. त्यातलं एक मोठं कारण आज समजून घेऊ.

कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फुटू नये म्हणून आपण किती जपतो! हे पित्त लिव्हर तयार करतं आणि बारीक नळ्यांतून ते आतड्यात जातं. शेतातल्या ठिबकसारखंच समजा. विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, पण नळी चोंदली तर झाड वाळणारच.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी मिळतं. पित्ताच्या नळ्या मात्र मुख्यतः एकाच धमनीवर जगतात. म्हणून रक्त थांबलं की त्यांचे हाल जास्त. दात्याचं लिव्हर काढताना डॉक्टर ते थंड द्रावणाने धुतात. नळ्यांत उरलेलं पित्तही धुऊन काढतात, कारण ते आतल्या अस्तराला इजा करतं. मग लिव्हर बर्फाच्या पेटीत ठेवून नेतात. पण बर्फात त्याला ऑक्सिजन मिळत नाही. नंतर पेशंटच्या शरीरात रक्त एकदम सुरू झालं की इजा आणखी वाढते. पुढे काही महिन्यांत नळ्या आकसतात. कावीळ, खाज, ताप सुरू होतो. काहींना दुसरं लिव्हर बसवायची वेळ येते.

यावर युरोपात एक उपाय तपासला गेला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी पुढाकार घेतला. बर्फातून काढलेल्या लिव्हरमधून, ते बसवण्याआधी, यंत्राने 2 तास ऑक्सिजन मिसळलेलं थंड द्रावण फिरवलं. त्यामुळे पेशींना पुन्हा ताकद येते. हृदय बंद पडल्यावर दान झालेली, म्हणजे जास्त नाजूक लिव्हर यासाठी घेतली होती. 2021 साली निकाल आला. नुसत्या बर्फातल्या 78 पेशंटपैकी 14 जणांना 6 महिन्यांत नळ्या आकसल्याचा त्रास झाला. यंत्र वापरलेल्या 78 पैकी फक्त 5 जणांना झाला.

आपल्याकडे मृत्यूनंतरचं अवयवदान बहुतेक वेळा मेंदू मृत झालेल्या पेशंटचं होतं. 1994 च्या कायद्याने त्याला मान्यता आहे. पण नळ्या तिथेही नाजूकच, आणि वेळ तेवढीच मोलाची.

तर तायांनो, घरी जाऊन दोन गोष्टी करा.

पहिली, अवयवदानाबद्दल तुमची इच्छा आजच घरच्यांना सांगून ठेवा. कार्ड भरलं असलं तरी त्या वेळी संमती जवळच्या नातेवाइकांचीच घेतात. आधी बोलणं झालेलं असेल तर दवाखान्यात त्यांची घालमेल होत नाही.

दुसरी, गावात कुणाचं लिव्हर बदललेलं असेल आणि डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज किंवा थंडी-ताप दिसला, तर कावीळ उतरवायला नेऊ नका, झाडपाल्याचं औषध देऊ नका. त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या दवाखान्याला फोन करा. आकसलेली नळी वेळेत कळली तर अनेकदा दुर्बिणीतून रुंद करता येते. उशीर झाला तर कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखात दिलेलं ते दान हातचं जाईल.

हे आपापल्या गटात नक्की सांगा.