रस्त्यापेक्षा सहा इंच वर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासदाने केलेले भाषण)



मी आर्किटेक्टच्या ऑफिसात तीस वर्षं नकाशे काढले, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, पुनर्विकासावर दोन शब्द बोला. एरिया किती वाढणार, कॉर्पस किती मिळणार, यावर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी फक्त एका अटीबद्दल बोलतो.

प्लॅन मंजूर करताना महापालिका आयओडी देते. त्यात अटींची लांबलचक यादी असते आणि ती कोणी वाचत नाही. वर्षानुवर्षं त्यात एक अट छापून येते : जागा सखल असेल तर काम सुरू करण्याआधी ती मुरूम-माती टाकून ९२ टी.एच.डी.पर्यंत किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा सहा इंच वर, यातलं जे जास्त असेल तितकी भरायची आणि उतार रस्त्याकडे द्यायचा. टी.एच.डी. म्हणजे टाऊन हॉल डेटम. फोर्टातली ती एशियाटिकची पायऱ्यांची इमारत, तिच्यावरून मुंबईची उंची मोजायची पद्धत. हे ९२ फूट समुद्रापासून नाहीत हं, नाहीतर कोणाला वाटेल आपण डोंगरावर राहतो! शून्यच खूप खाली धरलाय. ९२ म्हणजे मोठ्या भरतीच्या थोडं वर, एवढंच.

अट शहाणपणाची आहे. परळ आणि वरळी ही मुळात वेगळी बेटं, मधल्या सखल भागात भरतीचं पाणी शिरायचं. आपली जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तीही ओहोटी धरून. ती क्षमता ५० करा, असं ब्रिमस्टोवॅडच्या अहवालाने १९९३ मध्येच सांगितलं होतं. कामाला जोर आला तो २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. मग पंपिंग स्टेशनं आली : हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, रे रोडचं ब्रिटानिया. हिंदमाताच्या पाण्यासाठी दादरला प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळला सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या झाल्या. चांगलं झालं.

पण ती सहा इंचांची अट फक्त अर्ज करणाऱ्याची जागा बघते. शेजाऱ्याचं तिच्यात नाव नाही. एक टॉवर भराव घालून वर जातो, त्याचं पाणी रस्त्यावर येतं. रस्ता काँक्रीटचा होताना तोही वर चढतो. पुढच्या अर्जदाराचे सहा इंच त्या नव्या रस्त्यापासून मोजायचे. या चढाओढीत जो जागेवर बसलाय, तो खड्ड्यात! आपलंच बघा ना. २५ वर्षांपूर्वी गेटातून आत यायला एक पायरी चढायला लागायची, आता दोन उतरायला लागतात. तळमजल्यावरच्या काकू जूनमध्ये गाद्या माळ्यावर टाकतात आणि मीटर रूमबाहेर आपण वाळूच्या गोण्या रचतो. पूर्वी गिरण्यांच्या आवारात तळी होती, मोकळी माती होती. पाणी थांबायला जागा होती. आज तिथे पोडियम आणि खाली पार्किंग.

आता आपली पाळी येईल. आपण अर्ज केला की आपलीही जागा वर जाईल आणि मग पाणी मागच्या चाळीत जाईल. तिथे आपल्यातल्या निम्म्या घरांची चुलत-मावस माणसं राहतात. गणपतीला जेवायला कुठल्या तोंडाने जाणार?

म्हणून टेंडर काढायच्या आधीच, म्हणजे बिल्डर अजून गोड बोलत असतो तेव्हाच, काही गोष्टी लिहून घ्या. लेव्हलचा सर्व्हे फक्त आपल्या कंपाऊंडचा नको, मागच्या चाळीचा आणि रस्त्याचाही हवा. पर्जन्य जलवाहिनी खात्याचे रिमार्क आपल्या आर्किटेक्टने दिलेल्या नकाशावरच येतात. नकाशात चाळ दाखवली नाही, तर कागदावर ती नसतेच. मीटर आणि पंप वरच्या मजल्यावर घ्या. २०१८च्या नियमावलीत ५०० चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडांना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे. बिल्डर एक बोअर मारून मोकळा होतो. भरावाच्या जमिनीत भर पावसात पाणी जिरणार कुठे? आपल्याला साठवणीची टाकी हवी, आणि जोराच्या पावसाचे पहिले दोन-तीन तास पाणी धरून ठेवील इतकी मोठी हवी. यात पार्किंगच्या दोन-चार जागा जातील. त्यावर भांडण होणार, मला माहीत आहे. ते जनरल बॉडीतच होऊ दे, आयओडी हातात पडल्यावर नको.

सर्व्हेअरला दोन दिवस लागतात. चाळीच्या कमिटीशी मी बोललोय, ते आवारात स्टाफ लावू देतील. पावसाळ्याआधीचा कुठलाही रविवार चालेल म्हणाले.